तलाव कुठला, ते सांगायचं राहून गेलं

मी लेखक नाही. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मराठी शाळेत शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो आणि नोकरीसाठी बेंगळुरूला आलो. हे लिहितोय ते दोन प्रकारच्या माणसांसाठी. ज्यांना तलावात, नदीत, समुद्रात, म्हणजे मोकळ्या पाण्यात पोहायला सुरुवात करायची आहे, ते एक. आणि ज्यांच्या घरात कुणाचा तरी ताप उतरत नाहीये आणि का, ते कुणालाच कळत नाहीये, ते दुसरे. मी आधी पहिल्यांतला होतो, मग दुसऱ्यांतला झालो. मधलं अंतर फार थोडं होतं.

माझ्या आजाराचं नाव मेलिऑइडोसिस. मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणारा जंतू असतो, साखर वाढलेल्या माणसाला तो जास्त धरतो, आणि सुरुवातीला टीबीसारखा दिसतो. मला कळलं ते एवढंच. बाकीचं डॉक्टरांना विचारावं. मी सांगणार आहे ते नाव कळेपर्यंतचं आणि त्यानंतरचं.

*

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करा आणि घाम येईल असं काहीतरी करा. जिममध्ये जाऊन पाहिलं. चारी बाजूंनी आरसे, आणि प्रत्येकात माझं पोट. तेव्हा ऑफिसातल्या एकाने वत्सलाअक्कांचा गट सांगितला. दर रविवारी सकाळी हे लोक आनेकलच्या पुढे एका तलावात पोहायला जातात, नवख्यांनाही शिकवतात, म्हणाला.

अक्का मल्लेश्वरमच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून इकडे आलं. त्यांची मराठी ऐकली की आधी हसू यायचं, मग घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटायचं.

"पोहायला येतं का तुला?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"येतं की. लहानपणापासून."

"सरी, ठीक. दाखव बघू."

आमच्याकडे गावागावात तलाव आणि बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी. मी चालायला शिकलो तसा पोहायलाही शिकलो. मोठ्या आत्मविश्वासाने उतरलो आणि हातपाय मारत थोडं पुढे जाऊन परत आलो. अक्का बांधावर कमरेवर हात ठेवून हसत होत्या.

"अय्यो, हे पोहणं नव्हे रे, म्हैस चाललीय! मान सगळी वर. तोंड घाल पाण्यात. पाणी काय चावतंय काय?"

तोंड पाण्यात घालायला मला बरेच रविवार लागले. काठाजवळ डुंबता येणं वेगळं आणि मोकळ्या पाण्यात लांबवर पोहता येणं वेगळं. तिथे स्विमिंग पूलसारखी खाली रेघ नसते, धरायला कठडा नसतो. पाणी चहाच्या रंगाचं, स्वतःचा हात कोपरापुढे दिसत नाही. पायाला वेल लागला की छातीत धस्स होतं. कमरेला पट्ट्याने एक केशरी फुगा बांधलेला असतो, दमलो की त्याला धरून तरंगायचं. अक्कांनी शिकवलं की श्वास पाण्यात सोडायचा, सगळा सोडायचा, मग आत घ्यायला आपोआप जागा होते. आणि काही हात मारले की मगरीसारखे फक्त डोळे वर काढून समोरचा माड बघायचा, नाहीतर माणूस गोल गोल फिरत राहतो. मी पहिल्यांदा या बांधापासून त्या बांधापर्यंत गेलो, तेव्हा पलीकडे चिखलात बसून रडलो. का ते माहीत नाही. परीक्षेच्या निकालानंतर असं रडलो होतो.

साखर खरोखर उतरायला लागली होती. पण पुरती उतरली नव्हती.

माझी बायको मुग्धा पुण्याची. दर रविवारी सकाळी मी तिला सांगून निघायचो, "तलावावर जातोय पोहायला." ती झोपेतच "हं" म्हणायची. आमची ईरा तीन वर्षांची, आठवड्यातून एकच दिवस दोघींना उशिरापर्यंत झोपायला मिळायचं. पोहून झालं की तिथल्या एका शेतघरात आंघोळ करून, कपडे पिळून मी घरी यायचो. टोपी आणि गॉगल बाल्कनीत वाळत टाकायचो.

मग पाऊस लागला. आजूबाजूच्या शेतांतलं पाणी तलावात उतरलं. एका रविवारी बाहेर येताना बांधाच्या दगडाने टाच खरचटली. रक्तही फारसं आलं नाही.

*

ताप आला तेव्हा ऑफिसात अर्ध्या लोकांना ताप होता. मी गोळी घेऊन कामावर गेलो. मग गेलो नाही. मग जाववेना. थंडी वाजून यायची, चादर भिजायची, पुन्हा थंडी. कोरमंगलाच्या आमच्या डॉक्टरांनी टायफॉइडचं औषध दिलं. विचारलं, "बाहेरगावी गेला होता?" मी नाही म्हणालो. आनेकल काय बाहेरगाव आहे? तिथे तर शहरातली बस जाते.

खोकला सुरू झाला. वजन इतक्या झपाट्याने उतरलं की अंगठी बोटातून पडली. मोठ्या हॉस्पिटलात भरती केलं. छातीच्या फोटोत डाग दिसले. रक्त तपासायला दिलं, त्यात कसला तरी जंतू वाढला, पण तो बाहेरून नमुन्यात मिसळला असेल असं उत्तर आलं. डाग, ताप, उतरलेलं वजन. डॉक्टर म्हणाले, टीबी वाटतोय, आपण औषध सुरू करू.

निदानाचा दिवस असा एकच असतो असं लोकांना वाटतं. मला दोन मिळाले. पहिला चुकीचा होता, आणि त्याने घर मोडता मोडता राहिलं.

बाबा गावाहून आले होते. राईस मिलमध्ये पोती वाहून त्यांनी मला शिकवलं. डॉक्टर खोलीत आले की ते उठून उभे राहायचे आणि डॉक्टर जाईपर्यंत बसायचे नाहीत. "बाबा, बसा," मी म्हणायचो. "राहू दे रे बाबू," ते म्हणायचे. त्यांचा धाकटा भाऊ टीबीने गेला होता. त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि अगदी हळू म्हणाले, "गावात कोणाले सांगू नको. निमोनिया हाये म्हणू."

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर त्यांनी माझा पेला वेगळा ठेवला होता. त्यांना बोल लावत नाही. त्यांनी भाऊ पाहिला होता.

ईराला तिच्या आजीकडे पुण्याला पाठवलं. जाताना तिला हॉस्पिटलच्या खोलीच्या दारातूनच हात हलवायला लावला. ती "बाबा, खाली ये" म्हणत होती. त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. फोन मुग्धाच्या कानाला होता, पण मला सगळं ऐकू येत होतं.

"तूही ये इकडे. त्याचे वडील आहेत ना तिथे? तुला काही झालं तर पोरीकडे कोण बघणार?"

"आई, फोन ठेव."

"मी काय वाईट बोलतेय?"

"वाईट नाही बोलत आहेस. ठेव तू."

*

टीबीच्या औषधावर मी आणखी खालावलो. एका सकाळी श्वास पुरेना, म्हणून अतिदक्षता विभागात हलवलं. तिथलं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तोंडावरचा मास्क. पहाटे रक्त घ्यायला येणारी सिस्टर, जी सुई टोचण्याआधी दर वेळी माझ्या मनगटावर हलकेच थोपटायची. तिचं नाव मी नंतर विचारलं, पण तिची बदली झाली होती. छताला एक ओला डाग होता, तो मला आमच्या गावच्या तलावासारखा दिसायचा, आणि त्यात कोणीतरी बुडतंय असं वाटून मी ओरडायचो. म्हणे.

मी बोलण्याच्या अवस्थेत नव्हतो, तेव्हा त्या आल्या. प्रयोगशाळेतल्या मल्याळी डॉक्टरबाई. माझ्या रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात त्यांना काहीतरी वेगळं वाटलं होतं. एरवी या लोकांना रुग्ण कधी पाहत नाही. त्या स्वतः जिना चढून आल्या आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुग्धाजवळ बसल्या. पुढचं मुग्धाने मला नंतर सांगितलं.

"खेती करते हैं? मिट्टी का काम? गार्डनिंग?"

"नहीं, आयटी में हैं."

"कहीं नदी, लेक, कुआँ? पानी में उतरे थे?"

"नहीं नहीं. स्विमिंग करते हैं, पर पूल में."

"शुअर?"

"हाँ, हर संडे. पूल में ही."

पुण्यात तलाव म्हणजे पोहण्याचा तलाव. निळ्या फरश्या, पाण्याला औषधाचा वास, शिट्टी मारणारे सर. मुग्धा लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत 'तलावावर' जायची, तिकीट काढून. लग्नाआधी आणि लग्नानंतर आम्ही एकच भाषा बोललो, पण एका शब्दाची दोन चित्रं आहेत हे आम्हाला कधी कळलं नाही. कळण्याचं कारणच पडलं नव्हतं. टोपी, गॉगल, ओले कपडे, सगळं पूलसारखंच तर होतं.

डॉक्टरबाईंना त्यांच्या संशयाची खात्री वाटेना. त्यांनी नमुना बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला आणि उत्तराची वाट पाहायचं ठरलं. टीबीचं औषध चालूच राहिलं.

त्या वाट पाहण्याच्या दिवसांत माझा डावा गुडघा सुजला. आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग तो नारळाएवढा झाला.

*

त्यातल्याच एका दुपारी वत्सलाअक्का भेटायला आल्या. आत सोडत नव्हते, म्हणून मुग्धाजवळ बाकावरच बसल्या. दोघींची ती पहिली भेट.

"कसा आहे गं तो? आमच्या केरेत सगळे विचारत्यात."

"कशात?"

"केरेत गं. आम्ही पोहतो ते. आनेकलच्या पुढचं."

"तो तर तलावात जातो ना?"

"हां, तेच. केरे म्हणजे तलाव."

"तलाव म्हणजे स्विमिंग पूल ना, अक्का?"

"पूल? कुठला पूल? लेक गं! चारी बाजूला शेतं. पाऊस लागल्यापासून नुसता चिखल. आता आम्हीच उतरत नाही दोन रविवार झाले."

मुग्धा सांगते की त्यानंतर तिला अक्कांचं काही ऐकू आलं नाही, फक्त त्यांचे ओठ हलताना दिसले. ती जिन्यावरून धावत खाली प्रयोगशाळेत गेली. एक चप्पल जिन्यातच राहिली. डॉक्टरबाई जेवत होत्या. दारातूनच मुग्धा ओरडली, "मॅडम, लेक! पूल नहीं, लेक! मिट्टीवाला लेक!"

त्यांनी डबा तसाच उघडा टाकला. त्याच दुपारी माझं औषध बदललं. बाहेरच्या प्रयोगशाळेचं उत्तर नंतर आलं, आणि ते तेच होतं.

*

ताप लगेच उतरला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण मला वाटलं होतं की बरोबर औषध मिळालं की दुसऱ्या दिवशी उठून बसणार. तसं होत नाही. शिरेतून दिवसभर औषध, शिरा कडक झाल्या की दुसरा हात, मग पुन्हा पहिला. गुडघा कापून धुतला. पुन्हा धुतला. मला आधी फक्त घरी जायचं होतं. मग फक्त कुशीवर वळायचं होतं. नंतर नंतर काहीच नको होतं, आणि ती सगळ्यात वाईट वेळ होती. मरणाची भीती वाटत होती तोपर्यंत बरं होतं.

त्या दिवसांत मला धरून ठेवलं ते बारीकसारीक गोष्टींनी. आमच्या मॅनेजरने न सांगता माझं काम वाटून दिलं होतं. टीबी नाही हे कळलं त्या दिवशी बाबा माझ्याच पेल्यातून पाणी प्याले, आणि मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. ईरा फोनवर रोज नवी बातमी द्यायची: आज मांजराने दूध सांडलं, आज आजी रागावली. शेजारच्या खाटेवर एक वयस्कर कन्नड गृहस्थ होते. मला धाप लागली की ते लांबूनच "स्वल्प, स्वल्प" म्हणायचे, थोडं थोडं. एका सकाळी त्यांची खाट रिकामी होती, चादर बदललेली. कुणी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी आलो तो वॉकर घेऊन. मग काठी. मग काठीशिवाय, पण लंगडत. डावा गुडघा आता पूर्ण वाकत नाही, वाकणारही नाही. फुफ्फुसाचा एक भाग कामातून गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी पोचायला मधल्या पायरीवर बसावं लागतं. गोळ्या कित्येक महिने चालल्या, त्यांनी तोंडाची चव गेली. आणि हा जंतू परत येऊ शकतो. अंग जरा कोमट लागलं की घरातले सगळे बोलायचे थांबतात.

अक्का घरी आल्या तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"मी न्यायला नको होतं तुला, रोशन."

"तुम्ही मला तोंड पाण्यात घालायला शिकवलंत, अक्का."

"तेच म्हणते की मी!" त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला. आता त्यांच्या गटात साखर तपासल्याशिवाय कुणाला घेत नाहीत, आणि पावसाळाभर कुणी उतरत नाही.

जे सुरुवात करणार आहेत त्यांना मी घाबरवत नाही. ते पाणी मला अजून स्वप्नात दिसतं आणि दर वेळी भीतीच वाटते असंही नाही. पण साखर असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. जखम असेल तर त्या दिवशी काठावर बसा. गढूळ पाण्यात उतरू नका. घरच्या माणसाला ती जागा एकदा दाखवून आणा, नुसतं नाव सांगू नका. आणि ताप आला तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा की मी मातीच्या पाण्यात उतरलो होतो.

*

मुग्धाबद्दल लिहायचं टाळत होतो.

घरी आल्यापासून ती माझ्याशी हळू बोलायची. फार हळू. आमच्यात आधी टॉवेलवरून, भाजीवरून, पुणे-विदर्भावरून रोज खटके उडायचे. "तुमच्याकडे भाजीत तेल घालतात की तेलात भाजी?" हे तिचं ठरलेलं वाक्य. ते सगळं बंद झालं. मी काहीही म्हटलं तरी "हो" म्हणायची. मी लंगडत आत आलो की ती दुसरीकडे बघायची. 'पूल में ही' हे तिने किती खात्रीने सांगितलं होतं ते तिने मला एकदाच सांगितलं, आणि त्यानंतर त्यावर आम्ही बोललो नाही. मी दोनदा म्हणालो, तुझी काही चूक नाही. दोन्ही वेळा ती "हो" म्हणाली.

गोळ्या बंद करायच्या दिवशी शेवटच्या तपासणीला आम्ही दोघं गेलो. मोठ्या डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मग मुग्धा मला न विचारता खाली प्रयोगशाळेत गेली. मी मागून एकेक पायरी उतरत पोचलो, तोवर तिने हिंदीत विचारलं होतं.

"मी पहिल्याच दिवशी लेक म्हणाले असते, तर त्याचा गुडघा वाचला असता का?"

डॉक्टरबाईंना सरळ 'नाही' म्हणता आलं असतं. मला वाटलं, म्हणतील. त्या म्हणाल्या, "फुफ्फुसाचं आधीच झालं होतं. गुडघा कदाचित वाचला असता. मीही तुम्हाला पुन्हा एकदा विचारायला हवं होतं."

मुग्धा थँक्यू म्हणाली. आम्ही बाहेर येऊन रिक्षात बसलो.

"एकदा," ती म्हणाली. "एकदा तरी मला घेऊन गेला असतास तिथे."

"तू झोपलेली असायचीस. रविवार असायचा."

"मग उठवायचं!" ती इतक्या जोरात ओरडली की रिक्षावाल्याने मागे बघितलं. "मी छातीठोक सांगितलं रे त्यांना. छातीठोक! नवरा कुठे पोहतो हे मला माहीत नव्हतं, आणि मी शुअर म्हणाले!"

"मला काय माहीत पुण्यात तलाव म्हणजे..."

"पुण्यावर जाऊ नकोस! अजिबात जाऊ नकोस!"

"एनाय्तु मेडम?" रिक्षावाला म्हणाला. "गाडी निल्लिस्ला?" काय झालं, थांबवू का, असं विचारत होता.

"बेडा! चलो!" नको म्हणत ती त्याच्यावरही ओरडली.

आणि मग मीही ओरडलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी काय मुद्दाम आजारी पडलो का, माझा गुडघा गेलाय आणि घरात बोलायलाही कुणी नाही, सगळे नुसते हो म्हणतात, असं काहीतरी. वाक्य अर्धं राहिलं आणि श्वास संपला. मी रिक्षाची दांडी धरून खाली वाकलो. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

मुग्धा थांबली. तिने पाठीवर हात ठेवला नाही, पाणीही काढलं नाही. माझ्या छातीकडे बघत बसून राहिली. रिक्षा एक सिग्नल ओलांडून गेली.

"आला श्वास?"

मी मान हलवली.

"नक्की?"

"हो."

"मग आता ऐक," ती म्हणाली, आणि पुन्हा भांडायला लागली.